‘वुई बिलीव्ह’ आणि गुरुवारची शेड

“‘वुई बिलीव्ह’ टाका आणि पाठवून द्या,” आमचे मॅनेजर भोसले सर म्हणाले. “संध्याकाळपर्यंत रिप्लाय जायला हवा.”

परदेशातल्या कस्टमरकडे आमच्या कारखान्याचे काही ब्रॅकेट तडकलेले निघाले होते. ब्रॅकेट म्हणजे गाडीच्या खाली बसणारा, ओतीव लोखंडाचा जाड आधार. सरांनी वाक्य तयारच ठेवलं होतं: ऑपरेटरच्या हातून पार्ट पडून तडा गेला, असं वुई बिलीव्ह. ती ऑपरेटर म्हणजे निघोज्याची मंगल. ओतून आलेल्या ब्रॅकेटच्या कडा ग्राइंडरनं घासायचं काम तिचं. ती कॉन्ट्रॅक्टवर. हे वाक्य गेलं की तिचा गेटपास बंद होणार, हे सरांनाही ठाऊक होतं.

मी क्वालिटीत पुष्कळ वर्षं काढली आहेत, त्यामुळे या क्रियापदाशी माझी जुनी ओळख. कारण सापडलेलं असलं की रिपोर्टात कोणी बिलीव्ह लिहीत नाही. सरळ लिहितात, तडा अमुक कारणानं गेला. कारण सापडलेलं नसलं आणि सही तर करायची असली, की वुई बिलीव्ह. त्यातले ‘वुई’ कोण, हे विचारायचं नसतं.

मंगल दाराशी उभी होती. आमच्या पट्ट्यात गुरुवारी कंपन्या बंद असतात. सुट्टीच्या दिवशी तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

“म्याडम, माझ्या हातून न्हाई पडलं,” ती म्हणाली. “पडलं असतं तर सांगितलं असतं.”

“सर, मला हिचं खरं वाटतं,” मी म्हणाले.

“मग तसं लिहा. आय बिलीव्ह मंगल. कस्टमर खूश होईल.”

सर हसले. मला राग आला. राग आला की मला एका जागी बसवत नाही, म्हणून मी मंगलला घेऊन शेडमध्ये गेले.

बंद शेड मी क्वचितच पाहते. छताच्या पारदर्शक पत्र्यांतून दुपारचं पिवळं ऊन उतरलं होतं. त्यात लोखंडाची बारीक धूळ तरंगत होती. भट्टी गार पडली होती. जिथं रोज ओरडून बोलावं लागतं, तिथं आमच्या पावलांचा आवाज येत होता. आपण कशाला आलोय, हेच मी क्षणभर विसरले.

त्याच लॉटची एक ट्रॉली भट्टीकडे राहिली होती. मंगलच्या टेबलापर्यंत ती आलेलीच नव्हती. त्यातला एक ब्रॅकेट आम्ही दोरीला टांगला आणि मी छोट्या हातोडीनं टोला दिला. याला रिंग टेस्ट म्हणतात. बाजारात मडकं घेताना बोटानं वाजवून बघतात, तेच. रोजच्या गोंगाटात ती जमत नाही, म्हणून कोणी करत नाही.

नाद निघाला तो संपेचना. शेडभर फिरला, पत्र्याला लागून परत आला.

“इथंच आमची हीर व्हती,” मंगल हळूच म्हणाली. “खडा टाकला की असंच घुमायचं.”

भट्टीखालची जमीन तिच्या सासऱ्यांची होती, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

ती टांगायची, मी वाजवायचे. टोला, मग नाद, मग पुढचा ब्रॅकेट. ही दुपार अशीच चालत राहावी, कोणाला काही पाठवायचं नसावं, असं वाटत होतं.

मग एकदा हातोडी पडली आणि नुसतंच ‘थद्द’ झालं.

मंगलनं माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा मारलं. पुन्हा तेच. पुढचे दोनही तसेच निघाले. तिच्या टेबलावर कधी न आलेल्या मालातही तडे होते. मी भट्टीच्या सुपरवायझरला फोन लावला. टार्गेट गाठायला ओतलेलं कास्टिंग गरम असतानाच साच्यातून काढत होतो, हे त्यानं आढेवेढे घेत कबूल केलं. असं लोखंड एकदम गार झालं की तडकतं.

संध्याकाळी रिपोर्ट गेला. त्यात बिलीव्ह कुठंच नव्हतं.

शुक्रवारी सर लाइनवर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “मंगल, आय ऑलवेज बिलीव्ड यू.”

“काय म्हनलं सर?” तिनं मला विचारलं.

“तुझ्यावर पहिल्यापासून विश्वास होता, म्हणतायत.”

“व्हय का,” ती म्हणाली आणि तिनं ग्राइंडर चालू केला. सरांचं पुढचं काही ऐकू आलं नाही.

नव्या इंजिनिअरांना मी एवढंच सांगते. हे क्रियापद माणसासाठी वापरायचं असतं, तेही पुरावा यायच्या आधी. पुरावा आल्यावर ते सगळ्यांनाच फुकट मिळतं.