करमाडच्या पानाखालचा आवाज

मुलांनो, सुट्टी लागली की तुम्ही आपल्या गावाचं संकेतस्थळ उघडाल आणि करमाडच्या आजीचं बोलणं अर्धंच का, असं मला फोनवर विचाराल. फोनवर मला ते नीट सांगता येणार नाही, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

करमाडची आजी म्हणजे माझी मोठी जाऊ. अर्धांगाच्या झटक्यात तिची वाचा गेली. त्याआधी मी दर रविवारी करमाडला जाऊन तिथल्या बायकांचं बोलणं फोनवर नोंदवत असे. घरी आले की ते संकेतस्थळावर चढवायचं आणि फोनमधलं पुसून टाकायचं. मला पसारा आवडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

संकेतस्थळावर प्रत्येक घराचं एक पान होतं, घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावानं. जाऊबाईंना मी म्हटलं, "तुमचं वेगळं पान करू या."

"मला कशाला येगळं? ह्यांच्या पानाखाली लाव की. गाव म्हणंल, म्हातारीला आता पालवी फुटली."

"भाऊजी असते तर काय म्हणाले असते?"

"ते कवा काय म्हनले? मी बोलायची, ते मान हलवायचे. आता वर बसून ऐकतील."

बाकीच्या बायकांनीही तेच सांगितलं. सगळ्यांचे आवाज मी नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या पानाच्या एक पायरी खाली लावले. पुरुषाचं पान उघडलं की आवाज तिथंच वाजे, त्यामुळे तो खालच्या पायरीवर आहे हे हळूहळू माझ्या ध्यानातूनच गेलं.

पुढे जुना सर्व्हर बंद व्हायचा होता. सगळं नव्या जागी हलवायचं काम मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला दिलं. शहरात सिडको भागात तिचं छोटं ऑफिस आहे. तिनं मला समजावलं, "मॅडम, पानं डेटाबेसमध्ये असतात. प्रत्येक पानाची एक साधी फाइल लिहून काढायची. नवा सर्व्हर ती वाचून पान पुन्हा उभं करतो. याला सिरियलायझेशन म्हणतात. कुठून सुरुवात करायची आणि किती खोल जायचं, ते आपण नियमात सांगायचं."

चाचणीसाठी आम्ही आपल्याच घरातलं, भाऊजींच्या नावाचं पान घेतलं, खालच्या सगळ्यासकट. ते नीट उतरलं, पण आवाजांमुळे फाइली फार जड झाल्या. पुढे सगळं गाव एकदम घेतलं तेव्हा काम मध्येच अडकायला लागलं.

"खोली कमी करू का मॅडम? 'घरं' आणि त्याच्या लगेच खालचं, एवढंच?"

मी मनात मांडणी आठवली. वर 'घरं', खाली घराघराचं पान. "तेवढं पुरे," मी म्हटलं.

नवं संकेतस्थळ सुरू झालं. सगळी पानं जागच्या जागी दिसली आणि आम्ही जुना सर्व्हर सोडला. त्याच आठवड्यात जाऊबाईंच्या सुनेचा फोन आला. "काकू, आत्याबाईंचं बोलणं लागंना. नुसता मामंजींचा फोटू येतोय. त्या सारख्या मोबाइलकडं बोट दाखवायल्यात."

चाचणीनंतर काही दिवसांनीच त्यांची वाचा गेली होती आणि तेव्हापासून जाऊबाई रोज दुपारी स्वतःचाच आवाज ऐकत असत.

मी एकेक घर उघडत गेले. पुरुष सगळे होते, बाई एकही नव्हती. आवाज 'घरं'पासून दोन पायऱ्या खाली होते आणि आमचा नियम एकाच पायरीवर थांबला होता. जुन्या सर्व्हरवाल्यांनी सांगितलं, जागा रिकामी केली. चाचणीच्या फाइली विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर होत्या आणि लॅपटॉप दुरुस्तीला गेला होता. तो परत येईपर्यंत मला घास गोड लागला नाही. फोनमधली पुसलेल्या गोष्टींची पेटी पुन्हा पुन्हा उघडून पाहिली. ती मी नेमानं रिकामी करत असे. करमाडहून फोन आला की "काम चालू आहे" म्हणायचे. जाऊबाई फोनवर नुसता हुंकार देत. त्यांना काय कळत होतं, कोण जाणे.

शेवटी विद्यार्थिनीचा फोन आला. "मॅडम, मिळालं. पण शेवटचं रेकॉर्डिंग नाही. ते तुम्ही चाचणीनंतर केलं होतं."

त्या शेवटच्या बोलण्यात जाऊबाईंनी तुम्हा दोघांना तुमच्या लाडक्या नावांनी हाक मारली होती आणि हुरड्याला बोलावलं होतं. तुम्हाला ऐकवायचं म्हणून मी सुट्टीची वाट पाहत होते.

आता नियम बदलला आहे, खालचं सगळं घ्यायचं असा. बाकीच्या बायका पुन्हा बोलत आहेत. त्यातली एक म्हणाली, "दोनदा सांगायचं तर चहाबी दोनदा पाजा, बाई." त्यांना मी वेगळी पानं केली आहेत. जाऊबाईंना विचारलं तर त्यांनी मान हलवली. होकार होता की नकार, मला ओळखता आलं नाही. मी त्यांचा आवाज होता तिथंच ठेवला.

करमाडच्या आजीची तीन बोलणी शिल्लक आहेत. एक विहीर खोदल्याचं, एक वरातीत गाडीचं चाक निखळल्याचं आणि एक धपाट्यांचं. ती भाऊजींच्या पानाखाली आहेत.