आपली गाडी, आपलं धुळे आणि मागच्या सीटवरचे आबा

इतर लोकांना किस्से आठवावे लागतात. आमचे किस्से स्वतः दार उघडून गाडीत येऊन बसतात आणि वर म्हणतात, "जरा सरका!"

आम्ही म्हणजे तिघं. मी स्नेहल, इतिहासात एमए. मयूर, ज्याला मोबाइलमधलं सगळं येतं. आणि हर्षदा, जिला कुणालाही दरडावता येतं. लोक हायवेवरून धुळ्याच्या बाजूने भुर्रकन निघून जातात, याचा मला मनापासून राग आहे. अरे, गाडी आत वळवा की! किल्ला आहे, नदी आहे, पट्टीने आखल्यासारख्या जुन्या गल्ल्या आहेत! म्हणून आम्ही 'आपली गाडी, आपलं धुळे' ही टूर काढली. नऊ थांबे. पाहुण्यांनी आपल्याच गाडीत फोन लावून ठेवायचा. कुठे वळायचं, काय बघायचं, ते माझा रेकॉर्ड केलेला आवाज सांगणार. सुरुवात पाचकंदीलच्या चौकात, शेवट लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी. तिथे सेल्फी काढून आम्हाला पाठवायचा. गाइड नाही, कटकट नाही!

पप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गावात यायचं आणि माणसाशी बोलायचं नाही? मग यायचं कशाला?"

"पप्पा, जगभर असंच चालतं!"

"मग दिवाळीपर्यंत एक गाडी नऊ थांबे पुरे करून येऊ दे. नाही आली, तर पाडव्यानंतर पुण्याला आत्याकडे जायचं आणि नोकरी धरायची."

"एकच? पन्नास येतील!" मी म्हणाले.

तेव्हापासून माझ्या ताटात भाकरीआधी एक प्रश्न पडायला लागला. "आली का गाडी?"

*

पहिली गाडी नाशिकची. नवीन लग्न झालेलं जोडपं. सगळं छान चाललं होतं. फक्त पहिल्या वळणावर नवऱ्याने काच खाली केली आणि पानटपरीवरच्या एका नानांना विचारलं, "हीच गल्ली ना?"

इथेच चुकलं. आमच्याकडे रस्ता विचारला तर हाताने दाखवत नाहीत. नानांनी मागचं दार उघडलं, बसले आणि म्हणाले, "चला, मी बी तिकडेच चाललो."

नाना तिकडे चाललेच नव्हते. ते बहिणीकडे चालले होते! अर्ध्या तासात जोडपं बहिणीच्या ओट्यावर शेवभाजी खात होतं. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि बहीण वाढतेय, "आजून ल्या ना, लाजू नका!"

जेवण झाल्यावर नवरीची ओटी भरली. मग त्यांना झोप आली. मग ते नाशिकला गेले.

संध्याकाळी मेसेज आला, 'टूर अप्रतिम. दुसरा थांबा तर विसरूच शकत नाही.'

आमचा दुसरा थांबा म्हणजे एक जुनी विहीर आहे.

*

पुढची गाडी पाचोऱ्याच्या एका मास्तरांची, सोबत त्यांची बायको. त्यांच्या गाडीत एक आबा बसले. धोतर, टोपी, मांडीवर मेथीच्या जुड्यांची पिशवी. माझा आवाज म्हणाला, "आता उजवीकडे वळा."

"वळू नका!" आबा ओरडले. "डावीकून जवळ शे!"

मास्तर डावीकडे वळले. माझा आवाज म्हणाला, "तुम्ही रस्ता चुकला आहात."

आबांना ते लागलं. "मी? इथे जन्म गेला माझा! मास्तर, या बाईला फोन लावा. मी बोलतो."

"आबा, ती फोनमध्येच आहे."

"मग उचलत का नाही?"

मास्तरांनी गाडी बाजूला घेतली आणि 'रेकॉर्डिंग म्हणजे काय' हा पाठ घेतला. आबांनी शांतपणे ऐकलं. शेवटी म्हणाले, "समजलं. म्हणजे बाई बोलते, पण ऐकत नाही."

मास्तरांनी एकदा बायकोकडे बघितलं, एकदा खिडकीबाहेर बघितलं, आणि तिथूनच टूर संपली. का, ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही.

"आली का गाडी?" पप्पा.

"रस्त्यात आहे," मी म्हणाले.

*

मयूर म्हणाला, प्रॉब्लेम टेक्निकल आहे. त्याने स्टिकर छापले. 'कृपया या गाडीला रस्ता सांगू नये.' धरणगावहून आलेल्या एका कुटुंबाच्या गाडीला आम्ही स्वतः ते चारही बाजूंनी लावले.

पांझरा नदीच्या पुलाजवळ केळीवाल्या अक्कांनी गाडी अडवली. "का बरं सांगू नये? कोणी फसवलं का तुमले?"

"नाही हो अक्का, आम्हाला स्वतःच जायचंय."

"असं कसं? कोणीतरी फसवलंच असेल! गावाचं नाव खराब केलं मेल्याने!"

माणसं जमली. फसवणाऱ्याचं वर्णन विचारलं गेलं. दोघा-तिघांना तो माणूस ओळखीचाही निघाला! गावाची अब्रू राखायची म्हणून अक्कांनी केळीचा अख्खा फणा गाडीत टाकला, आणि पुन्हा कोणी फसवू नये म्हणून मागोमाग स्वतः बसल्या.

*

हर्षदा म्हणाली, "तुम्ही दोघं बावळट आहात. शिस्तीचा माणूस आणा." तिचे मामा भुसावळला राहतात. रेल्वेत गार्ड होते, आता रिटायर. त्यांनी काचा वर केल्या, दारं लॉक केली आणि कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. पहिला थांबा, दुसरा, तिसरा, सगळं वेळेवर! आम्ही तिघं चहाच्या गाडीपाशी उभं राहून अक्षरशः नाचत होतो.

चौथ्या थांब्यावर मामी फोटो काढायला उतरल्या. मामांनी घड्याळ बघितलं, हॉर्न दिला आणि गाडी सोडली.

हर्षदाने फोनवर विचारलं, "मामा, मामी कुठेय?"

"राहिली. थांब्याची वेळ संपली होती."

मामा परत फिरले, तोपर्यंत एका कॉलेजच्या पोरीने मामींना स्कूटीवर घेतलं होतं, मामांना गाठून द्यायला. मामा चौथ्या थांब्याकडे, मामी पाचव्याकडे. मधल्या चौकात दोघांनी एकमेकांना बघितलं. मामींनी हात हलवला. थांबल्या मात्र नाहीत!

मामा चारच थांबे करू शकले. मामी सात.

"स्कूटी चालेल का?" मी पप्पांना विचारलं.

"गाडी म्हणजे गाडी. आणि नऊ म्हणजे नऊ," पप्पा म्हणाले. "आत्याला फोन करून ठेवलाय. तुझ्यासाठी खोली रिकामी करतेय ती."

त्या दिवशी मला हसू आलं नाही. मला धुळे सोडायचं नव्हतं, आणि धुळे मला सिद्ध करू देत नव्हतं!

*

धनत्रयोदशी आली. दिवाळीआधीची शेवटची गाडी जळगावची, नवरा-बायको आणि शाळेतली मुलगी. मी त्यांना काही सांगितलं नाही. आता काय सांगायचं?

दुपारी आईचा फोन. "अगं, दुकान बंद आहे!"

"कुठलं?"

"आपलं! शटर खाली! बाहेर गिऱ्हाइकांची ही गर्दी, आणि तुझे पप्पा फोन उचलत नाहीत!"

आमच्या दुकानाचं शटर धनत्रयोदशीला कधी खाली आलेलं मी पाहिलं नव्हतं. वर्षभराची भांडी त्या एका दिवसात खपतात. मी स्कूटी काढली, दवाखाना गाठला, पप्पांच्या मित्राचं घर गाठलं, पुन्हा दुकान. कुठेच नाहीत.

तेवढ्यात फोन वाजला. सेल्फी आला होता. मागे लळिंग किल्ला. पुढे जळगावचे नवरा-बायको, मुलगी, आणि मुलीचा गॉगल घातलेले पप्पा.

पाठोपाठ त्या बाईंचा फोन. "ताई, नऊच्या नऊ थांबे झाले! एका भांड्यांच्या दुकानात फक्त रस्ता विचारला, तर ते काका गाडीतच बसले. पूर्ण वेळ तुमच्या आवाजाशी भांडत होते. म्हणत होते, पोरगी बरोबर सांगते, पण कमी सांगते!"

पप्पा घरी आले. आई काही बोलण्याआधी मी सेल्फी त्यांच्यासमोर धरला. "आली ना गाडी? नऊ म्हणजे नऊ?"

पप्पांनी पायातले बूट काढले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "ही धरायची नाही. हिच्यात गाइड होता."

आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याची बॅग काढून पलंगावर ठेवली. पप्पा दारात येऊन उभे राहिले. लग्नाकार्यातला इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, डोळ्यांवर नवा गॉगल.

"आजची गाडी किती वाजता शे?"

"का?"

"काही नाही," पप्पा म्हणाले. "मी बी तिकडेच चाललो."