उसाच्या सालीवरचे दाजी

आमच्या दाजींइतका उसावर जीव असलेला माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नाही, आणि उसाचं एक कांडंही त्यांनी कधी लावलं नव्हतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. श्रीरामपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. बाकीच्यांचं लक्ष उसाच्या रसाकडे, यांचं सालीवरच्या पांढऱ्या भुकटीकडे. ती भुकटी म्हणजे मेण. कारखान्यात रस गाळला की हे मेण काळ्या गाळात जातं. शेतकरी तो गाळ खत म्हणून शेतात नेत, दाजी सायकलला डबा बांधून घरी आणत. वासामुळे ताईनं लग्नानंतर पहिल्याच महिन्यात नाकाला पदर लावला होता.

त्या मेणातून त्यांना कार्बनच्या लांब साखळीचं एक अल्कोहोल, म्हणजे दारू नव्हे, मेणासारखाच घट्ट पदार्थ, शुद्ध करून काढायचं होतं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतले संशोधक त्याला हवं ते जोडून नवी संयुगं बनवत, आणि त्यासाठी परदेशी बाटलीची वाट बघत बसत. "आपल्या गाळात पडलंय ते विलायतेतून कशाला?" एवढंच दाजींचं म्हणणं. एका लग्नात तर त्यांनी जेवायला बसलेल्या पंगतीलाच समजावलं, "ही सगळी रांग म्हणजे कार्बन. कोणी हलायचं नाही. फक्त टोकाला बसलेल्या नानांचा हात मोकळा. त्या हातात देऊ ते नाना धरणार, आणि अख्खी रांग त्याला चिकटणार!" नाना म्हणजे माझे चुलते. त्यांनी हात पुढे केला. "मंग बुंदी वाढा की, जावई. रिकामा कशापायी ठिवायचा?"

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात, वर्षभर खपून, दाजींनी वाटीभर पांढरेशुभ्र पापुद्रे काढले. सोमवारी ते पुण्याला दाखवायचे होते. ठरलेल्या अंशाला झटक्यात वितळले तर शुद्ध, रेंगाळले तर सगळी मेहनत पाण्यात. थंड जागा म्हणून वाटी देवघराच्या कोनाड्यात ठेवली, आणि नेमकी माझी आई मला घेऊन लेकीकडे आली. आंघोळ झाल्यावर तिनं ते कुंकवाखालचं मेण समजून कपाळाला लावलं. वरचं कुंकू सगळं नाकावर आलं. मग तिनं आपलं डोकं चालवलं.

"जावईबापू, लई कडक हाय तुमचं मेण," ती कौतुकानं म्हणाली. "खोबऱ्याचं त्याल घालून स्टोव्हवर पातळ केलंय. आता बगा कसं धरतंय कुंकू!"

ताई रडायच्या बेतात होती. दाजींनी एकदा वाटीकडे पाहिलं, एकदा सासूच्या कपाळाकडे.

"छान दिसतंय, मामी," ते म्हणाले आणि वाटी घेऊन कॉलेजात गेले. त्या क्षणी मला त्या माणसाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढे पुण्यातही वाटला नाही.

दोन दिवस ते पुन्हा पुन्हा विरघळवत, थंड करत, गाळत बसले. तेल आणि त्याच्याबरोबर आधीची उरलीसुरली घाणही द्रावणात राही, पापुद्रे खाली बसत. शेवटी चिमूटभर उरलं. ते घेऊन आम्ही पुण्याला गेलो. तिथल्या साहेबांनी बारीक काचनळीत भरून तापवलं. दाजींनी डोळे मिटले होते, म्हणून ते झटक्यात वितळलेलं मीच पाहिलं.

"कुठल्या कंपनीचं हो?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या कारखान्याच्या गाळातलं," दाजी छाती काढून म्हणाले. "शेवटची सफाई सासूबाईंच्या कृपेनं."

पुढे त्यापासून तिथं नवी संयुगं झाली. त्यांची लांबलचक नावं दाजी आईला म्हणून दाखवत, आणि ती आरती ऐकावी तशी हात जोडून ऐकत असे. आता दोघंही नाहीत. आमच्या घरातल्या माणसाची मेहनत त्या नावांत कुठेतरी आहे, हे मी अजून सगळ्यांना ऐटीत सांगतो. "कोणती नावं?" असं कोणी विचारलं, की मात्र आईसारखे हात जोडतो.