आईशी अदबीनं

शाळेत नववी-दहावीला मी आठवड्यातून एक तास बोलणं शिकवते. म्हणजे पोरांना बोलता येत नाही असं नाही. नको तितकं येतं. मंगळवेढ्याकडून आलेलं पोरगं मुख्याध्यापकांना खुशाल 'व्हय की' म्हणतं, आणि तेलुगू घरांतली पोरं घरात, गल्लीत आणि वर्गात वेगवेगळी भाषा बोलत असली तरी आवाज सगळीकडे एकच, यंत्रमागाच्या वरताण. माझं सांगणं एवढंच, की घरची बोली सोडू नका, पण ठिकाण बघून तोंड उघडा. बँकेत, पोस्टात, दवाखान्यात आवाज खाली ठेवायचा, आधी नमस्कार, मग काम. वर्गात आम्ही खोटी खोटी बँक मांडतो. साहेब झालेल्या पोराला लगेच शिंगं फुटतात, मग मला त्याला जागेवर आणावं लागतं.

हे सगळं दहावीतल्या एका मुलीला फार सुरेख जमायचं. वडील कारखान्यात यंत्रमागावर, आई घरी विड्या वळणारी, घरात तेलुगू. अशा घरांत एक रीतच पडून गेली आहे: शाळेत जाणारं मूल साऱ्या घराच्या वतीनं बोलतं. रेशन दुकान असो की वीज कचेरी, मोठी माणसं मागे उभी राहतात आणि पोराला पुढे करतात. ही मुलगी पुढे झाली की काम होऊनच यायचं. मला तिचं भारी कौतुक होतं.

दिवाळीनंतर तिच्या आईचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. रिपोर्ट आले त्या दिवशी डॉक्टरांनी आईला बाहेर बसवून वडिलांना आत बोलावलं. वडिलांनी नेहमीसारखं मुलीला पुढे केलं. पोरगी नीट बोलते हे बघून डॉक्टरही तिच्याशीच बोलले. आजार पसरलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही, घरी न्या, दुखलं की गोळ्या द्या. तिनं सगळं ऐकून घेतलं, 'थँक्यू सर' म्हणाली आणि वडिलांना तेलुगूत सांगितलं. वडील भिंतीला टेकून खालीच बसले. बाहेर बाकड्यावर आई वाट बघत होती. मग मुलगीच तिच्याकडे गेली आणि म्हणाली, पोटात सूज आहे, गोळ्यांनी उतरेल.

हे तिनं मला दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितलं. "मॅडम, अम्माला खरं कसं सांगू? असलं तुम्ही कधी घेतलंच नाही वर्गात." मी तिला जवळ घेतलं.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. मुलगी दूध आणायला गेली होती. आई चटईवर पडून होती, विड्यांचं सूप कोपऱ्यात सरकवलेलं. मी बरं आहे का विचारलं, तर ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "मॅडम, मला कळलंय. तुमी लपवू नका."

"कोणी सांगितलं?"

"कोन न्हाय. पोरगी रोज माझ्यावर वरडते. जेव, झोप, विड्या बास कर. मी पन वरडते. आमचं तसंच हाय. त्या दिवशी दवाखान्यात माझ्याशी हळू बोलली, गोड बोलली. बाहेरच्या मानसाशी बोलते की, तसं. तवाच समजलं." मग ती म्हणाली, "आता रोज तसंच बोलते. तुमचं ऐकते ती. माझ्याशी भांड म्हना तिला."

मला राग आला. डॉक्टरांचा, बापाचा, लेकराला पुढे करायच्या त्या रीतीचा. पण त्या बाईसमोर रागावून करणार काय?

निघताना मुलगी दारातच भेटली. तिला बाजूला घेऊन म्हटलं, "आईला सगळं ठाऊक आहे. तिला तू पहिल्यासारखी हवी आहेस. जा, भांड तिच्याशी."

ती दुधाची पिशवी घेऊन आत गेली. मी चपला घालत होते. तिनं तेलुगूत काहीतरी मोठ्यानं सुरू केलं, पण अर्ध्यातच आवाज खाली गेला. मग आई ओरडली, भांडण उकरून काढावं तशी, मुद्दाम. मी उत्तराची वाट बघत थांबले. मुलगी बोलली ते अगदी हळू, अदबीनं.