भोईरकाकांची तेरा फुटांची काठी

भोईरकाका मुलीच्या घरी जाताना पिण्याचं पाणी बरोबर न्यायचे. कात्रपहून उल्हासनगरच्या कॅम्प चारला निघाले की काखेत कापडी पिशवी आणि पिशवीत घरून भरलेली बाटली. नंदा ही त्यांची एकुलती एक लेक. तिच्या घरी सोफ्याच्या कडेला टेकायचे, तिची विचारपूस करायचे, जावयाच्या वर्कशॉपचं कसं चाललंय ते विचारायचे आणि तहान लागली की तिच्या डोळ्यांसमोर स्वतःच्या बाटलीतले दोन घोट प्यायचे. जेवणाची वेळ झाली की उठायचे.

मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. नंदाने ताटं मांडली, मी जेवायला बसले आणि हे गृहस्थ खाली रस्त्यावर वडापाव खात उभे राहिले. परतताना रिक्षात मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं.

"शैला, आमचे घरान तसाच हाय," ते म्हणाले. "पोरीला मूल होईस्तोवर तिचे घरचा पानी पन आईबापाला चालत नाय."

"आणि तिला काय वाटत असेल?"

"तिला ठावं हाय." एवढं बोलून ते रिक्षाबाहेर बघत बसले.

आमची दारं समोरासमोर. मी शाळेत शिकवते, ते अंबरनाथच्या एका रसायन कारखान्यातून निवृत्त झालेले. आज जिथे आमच्या इमारती उभ्या आहेत तिथे त्यांच्या वडलांनी भात लावला होता, पण त्याचा त्यांना ना अभिमान ना दुःख. उंच, किंचित वाकलेला माणूस, पंजे सुपाएवढे. त्या पंजांवर त्यांचा भारी विश्वास. कलिंगड घ्यायचं असो की नवा मिक्सर, दुकानदाराचं सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "आधी हाताला इचार." मग वस्तू हातात घेऊन इतका वेळ उभे राहायचे की दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचा. रविवारी बांबूचा गळ घेऊन उल्हास नदीवर जायचे. मासा मिळाला तर माझ्याकडे वाटा यायचा, नाही मिळाला तर ते स्वतः गप्पा मारायला यायचे.

काकू गेल्या तेव्हा नंदाच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्यांनीही लेकीच्या घरी कधी पाणी घेतलं नव्हतं. त्यानंतर वर्षभरात नंदा आणि तिचा नवरा हरेश कॅनडाला गेले. हरेश कॅम्प चारचाच सिंधी मुलगा, मशीनवर हात बसलेला, तिकडे त्याला चांगली नोकरी लागली. लग्नाच्या वेळी काकांनी जातपात काढली नव्हती. मला त्यांचं नवल वाटायचं ते याचंच. सिंधी जावई चालला, पण त्याच्या घरचा पाण्याचा पेला चालेना.

मग नंदाचं सातव्या महिन्यात मूल गेलं. डॉक्टरांनी पुन्हा मूल होणार नाही असं सांगितलं. त्या संध्याकाळी मी काकांकडेच होते. मोबाईल टेबलावर तांब्याला टेकवून ठेवला होता आणि नंदा तिकडून एकटक बघत होती. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, मला मूल होईपर्यंत तुम्ही माझ्याकडे जेवणार नव्हता ना? मग आता कधीच नाही का?"

फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, "काका, मोडा तो नियम. आत्ताच्या आत्ता मोडा."

"मी मोडीन गं. पन तुझी काकू तशीच गेली. लेकीचे हातचा घोटभर पानी घेतला नाय तिने. आता मी एकटा जाऊन पोटभर जेवू?"

मला त्या नियमाचा राग होता आणि त्या नियमाच्या आड एक मेलेली बाई उभी होती.

वाट निघाली ती मात्र अनपेक्षित. हरेशला तिकडे मासेमारीचा नाद लागला होता. सासऱ्याशी दुसरं बोलायला नाही म्हणून तो नदीचे फोटो पाठवायचा. एके दिवशी काका तो फोन घेऊन माझ्याकडे आले. "ही नदी कोनाची गं?"

"कोणाची म्हणजे? सरकारची असेल."

"जावयाची नाय ना?" त्यांचा चेहरा गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा उजळला. "मंग मी मासा धरीन. माझे हातचा मासा पोरीचे चुलीवर चढला, का त्या घरचा जेवान माझा पन झाला. तिचे आईला पन वाईट नाय वाटायचा."

मला हसू आलं, आणि पुढच्याच क्षणी डोळे भरून आले. इतकी वर्षं जपलेला हट्ट सोडायला माणसाला केवढी मोठी नदी लागते!

मग सुरू झाली रॉडची, म्हणजे गळाच्या काठीची, निवड. हरेश जिथे जायचा तिथे सामन आणि स्टीलहेड हे मासे समुद्रातून नदीत चढून यायचे. त्यांच्यासाठी तो सेंटरपिन नावाचं रीळ वापरायचा. त्याला ब्रेक नसतो. चाक मोकळं फिरतं, दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा फ्लोट नदीच्या चालीने वाहत जातो आणि चाक आवरायचं ते तळहाताने. रॉड लांबलचक. हरेशने अकरा, तेरा आणि पंधरा फुटांच्या रॉडची माहिती पाठवली, मी इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं. त्याने एक तयार विकत घेऊन ठेवतो म्हटलं, तर काकांनी साफ नकार दिला. पैसे आधी त्यांनी द्यायचे, निवडही त्यांचीच.

"पण काका, न बघता निवडणार कशी?"

"हाताला इचारून."

कोपऱ्यावरच्या मंडपवाल्याकडून त्यांनी बारीक घेराचे तीन बांबू आणले आणि हरेशने सांगितलेल्या लांबीचे कापून घेतले. रिळाच्या जागी प्रत्येकाला वाळूची पुरचुंडी बांधली, कारण रॉड नुसता हलका असून भागत नाही, रीळ लावल्यावर तोल कुठे जातो ते बघावं लागतं. मग आम्ही नदीवर. पंधरा फुटांचा बांबू पेलून त्यांचा खांदा भरून आला, तो बाद. अकरा फुटांचा हातात फुलासारखा, पण दोरी पाण्यावर लोळायला लागली. "नदी रुंद हाय तिकडची. दोरी पान्याला टेकली का फ्लोट वढला जातो, माशाला लगेच कलतंय." तेराचा त्यांनी बराच वेळ धरून ठेवला, डोळे मिटून.

हरेशचं म्हणणं होतं की मोठ्या सामनसाठी ताठ रॉड घ्या. काकांनी मऊ मागितला, स्टीलहेडला पुरेल इतपत. "घरान तीन मानसा. मना येक मासा पायजे, बाजार नाय भरवायचा." रिळाची सवय व्हावी म्हणून ते पतंगाची फिरकी गच्चीत घेऊन बसायचे, धागा सोडायचे आणि तळहाताने तिचा वेग मोडायचे. बिल्डिंगमधल्या लोकांना वाटलं म्हातारा चळला. मीही त्यांना चिडवायचे, की काका, आमच्या कपड्यांच्या दोरीला मासा लागेल.

ते कॅनडाला गेले आणि चार महिन्यांनी परत आले. मी दारातच विचारलं, "लागला का मासा?" तर म्हणाले, "लागला. चांगला होता." त्यापुढे एक शब्द नाही. मी दोनतीनदा खोदून बघितलं, मग नाद सोडला. पुढच्या वर्षी झोपेतच गेले. ती बातमी नंदाला मीच फोनवर सांगितली.

ती आली, दहावं झालं, आणि त्यांच्या रिकाम्या घरात आम्ही दोघी बसलो होतो तेव्हा तिने मला सगळं सांगितलं. पहिले काही दिवस ते घरून नेलेल्या चिवड्यावर आणि लाडवांवर राहिले. पाणी प्यायला समोरच्या बागेतल्या नळावर जायचे. रोज पहाटे हरेशबरोबर नदीवर, रोज रिकाम्या हाताने परत. मग एका सकाळी लागला. मऊ रॉड कमानीसारखा वाकला, चाक फिरलं, काकांनी तळहाताने आवरत आवरत मासा काठाला आणला. चांदीसारखा स्टीलहेड, तिघांना पुरून उरेल एवढा. हरेशने वाकून बघितलं आणि तसाच थांबला. तिथला नियम असा, की पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा पर कापलेला असेल तर तो मासा मत्स्यबीज केंद्रात वाढवून सोडलेला, तो घरी नेता येतो. पर शाबूत असेल तर तो नदीत जन्मलेला, तो सोडायचाच. या माशाचा पर शाबूत होता.

हरेशने त्यांना नियम सांगितला, आणि मग आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, "पापा, इधर कोई नहीं है. ले चलते हैं. तुम्ही जेवला नाहीत किती दिवस."

काका पाण्यात गुडघ्यावर बसले होते. त्यांनी माशाचं तोंड प्रवाहाकडे केलं. "चोरीचा मासा पोरीचे चुलीवर चढवू?" म्हणाले, आणि हात उघडले.

"घरी आले तेव्हा मी स्वयंपाकघरात होते," नंदा म्हणाली. "नेहमीसारखे बागेकडे जातील असं वाटलं. पण आत आले, ओल्या पँटसकट खुर्चीवर बसले. म्हणाले, नंदा, मासा सोडला गं. हात रिकामा हाय. भूक लागली."

तिने हात पुसले आणि घाईघाईने तीन ताटं घेतली. हरेशने पाण्याचे पेले भरले. भात वाढायला ती वाकली तेव्हा काकांनी तिचं मनगट धरलं.

"आईला पन वाढ," ते म्हणाले. "आधी तिला."