समन्वयबाईंचा तारपा

माझे अक्षर वाकडे आहे आणि ऱ्हस्वदीर्घाचा भरवसा नाही. चौथीपर्यंतच शिकले, माफी असावी. समन्वयबाई असत्या तर त्यांना माझ्या अक्षरातही संस्कृती दिसली असती.

त्या पुण्याच्या. नव्वदच्या आसपास त्यांचे साहेब सिल्वासाच्या कारखान्यात मॅनेजर होते आणि मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला. दोन माणसे वेगवेगळी उभी दिसली की बाईंना राहवत नसे, लगेच एकमेकांचे हात धरायला लावत. स्वतः मात्र कोणाचा धरत नसत. "कलेतून मने जुळतात," म्हणत, म्हणून आम्ही त्यांचे नाव समन्वयबाई ठेवले होते. कॉलनीच्या हॉलमधल्या त्यांच्या वर्गात गुजराती मुली लेझीम खेळत आणि मराठी मुली गरबा. आपापले जे येत होते तेही सगळ्या विसरल्या.

एका वर्षी कार्यक्रमाला त्यांना आदिवासींचा तारपा नाच हवा झाला. सिल्वासाजवळच्या आमच्या सामरवरणी गावात शेजारचे लखमाकाका तारपा, म्हणजे भोपळ्याचे फुंकवाद्य, वाजवत. बाईंनी दीडशे रुपये कबूल केले आणि माझ्या शब्दावर काका दहा माणसे घेऊन आले. या नाचात वाजवणारा मध्ये असतो, बाकीचे त्याच्याभोवती फिरतात. त्याला कोणी पाठ दाखवत नाही. बाईंनी रिंगण मोडले आणि सगळ्यांना पाहुण्यांकडे तोंड करून ओळीत उभे केले. वर पडद्यामागेच पैशांऐवजी प्रमाणपत्र दिले. "कला पैशांत मोजायची नसते, काका."

काकांनी मान डोलावली. पडदा उघडल्यावर तारपा फुंकला आणि वाजवत वाजवत पायऱ्या उतरून फाटकाबाहेर गेले. तारपा जाईल तिकडे नाच, म्हणून मागोमाग सगळी ओळ. लेझीमवाल्या पोरीही नादात निघाल्या. बाई पाहुण्यांना सांगत होत्या, ही त्यांची निरोपाची पद्धत.

मला काकांना तोंड दाखवायचे होते, म्हणून दीडशे मी माझ्या पगारातून दिले. बाईंकडे मागायची हिंमत नव्हती. दोन वर्षे गप्प पोळ्या लाटल्या.

मने मात्र जुळली, हे कबूल करते. माझी मुलगी सुनंदा आणि काकांची नात जमनी त्या वर्गात भेटल्या आणि बाईंच्या नकला करता करता अशा मैत्रिणी झाल्या, की आजही एका ताटात जेवतात.

मग साहेबांची बदली झाली. सामान बांधताना बाई म्हणाल्या, पुण्याच्या घरी भिंतीवर टांगायला काकांकडून एक तारपा आणून दे, आठवण म्हणून. माझ्या तोंडून निघून गेले, "कला पैशांत मोजायची नसते, बाई. पण माझे दीडशे मोजा."

काकांचे ते पैसे मी भरल्याचेही सांगून टाकले. मग बाईंनी पर्स उघडली. नोटा देताना त्यांनी माझा हात जरा वेळ धरून ठेवला. मी तो सोडवून घेतला आणि मोजले. पुरते दीडशे होते.