माझ्या ताटातलं तिनं खाल्लं

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मलकापूरला, दुकानात गिऱ्हाईक करत होतो. गावी, धाडला पोचलो तर बाबा ओसरीवर बसून आल्यागेल्याला सांगत होते, "पोरगी खाऊ खाऊ मेली." लोक माना हलवत होते. चौघांना तिरडी उचलेना, तेव्हा मागे कोणीतरी हसलंसुद्धा. मला त्या सगळ्यांची किळस आली आणि महिना झाला तरी ती जात नाही... कारण ताई का खायची, हे त्या ओसरीवर दोघांनाच ठाऊक होतं. बाबांना आणि मला.

आई वारली तेव्हा ताई नऊ वर्षांची होती, मी पाच. भाजीचा मळा होता, घरात खायला कमी नव्हतं. पण ताटात घास उरला की बाबा कमरेचा पट्टा काढायचे. अन्न हे पूर्णब्रह्म म्हणत मारायचे. माझं पोट इवलंसं, भाकर कधी संपायची नाही. बाबा पाणी प्यायला तांब्या तोंडाला लावायचे, तेवढ्यात ताई माझी उरलेली भाकर ओढून तोंडात कोंबायची. चावायलाही वेळ नसायचा, डोळ्यांत पाणी यायचं. तिचे फुगलेले गाल बाबांना दिसायचे, पण ताट रिकामं असलं की पट्टा कमरेलाच राहायचा. माझ्या वाटचा मार तिनं असा वर्षानुवर्षं गिळला.

आणि मी? शाळेत पोरं तिला 'ढोली' म्हणायची तेव्हा मीही दात काढले. पुढे शहाणा झालो, तिलाच कमी जेवायचे धडे देऊ लागलो. डॉक्टरांनीही जिभेवर ताबा ठेवा म्हणून सांगितलं. एकदाच ती बोलली, "मले भूक नसते रे. कोनाच्याबी ताटात उरलेलं दिसलं का छातीत धडधडते. खाल्लं का थांबते." मी म्हटलं, रोज पायी फिरत जा. सत्ताविसाव्या वर्षी तिचं काळीज बंद पडलं. माझ्या त्या उत्तराची मला आज शिसारी येते.

तेरवीच्या पंगतीत मी बाबांच्या शेजारी बसलो. चारचौघांत सगळं सांगायचं, असं ठरवून आलो होतो. तोंड उघडेना, म्हणून ताटात मुद्दाम दीड पोळी ठेवून उठलो. बोटं चाटत बाबा शांतपणे म्हणाले, "टाकू नको बे."

तेवीस वर्षांचा बाप्या मी, पण नजर त्यांच्या कमरेच्या पट्ट्याकडे गेली. परत बसलो. शेजारून हात घालून ती पोळी उचलणारं आता कोणी नव्हतं. मी ती सगळी खाल्ली.